ओळखीचा बोकड

बोकडाचं काय करायचं, हा प्रश्न मी आजवर बऱ्याच विद्वान मंडळींना विचारला आहे. त्यांतले बहुतेक जण आधी उत्सुकतेनं पुढे सरकतात. त्यांना वाटतं, ही काहीतरी रूपकात्मक भानगड असावी. बोकड म्हणजे खरोखरच चार पायांचा, दाढीवाला आणि वास मारणारा बोकड, हे कळल्यावर त्यांचा रस एकदम आटतो. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले आमचे एक प्राध्यापक स्नेही आहेत. त्यांनी मला सांगितलं, "हा प्रश्न पशुसंवर्धन खात्याच्या अखत्यारीतला आहे." खात्याच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही फार तर खच्ची करून देऊ." म्हणजे तत्त्वज्ञान बोकडाला खात्याकडे ढकलतं आणि खातं त्याला परत माझ्याकडे पाठवतं. कागद असता तर अशा फेऱ्यांत कुठंतरी गहाळ तरी झाला असता. बोकड गहाळ होत नाही. तो वाढत राहतो.

प्रश्न नीट मांडायचा तर थोडं गणित करावं लागेल. शेळी दूध देते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती का देते, याचा विचार चहा पिताना कुणी करत नाही. शेळी व्याल्याशिवाय दूध देत नाही. पाच महिने, म्हणजे साधारण दीडशे दिवस, ती गाभण राहते आणि मग विते. उस्मानाबादी असेल तर पुष्कळदा जुळं. (जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, शेळीला मात्र लोक अजून उस्मानाबादीच म्हणतात. तिच्याकडे आधारकार्ड नसल्यामुळे असेल.) निगा नीट राखली तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. म्हणजे एका शेळीमागे दोन वर्षांत पाच-सहा करडं, आणि निसर्गाला वशिला चालत नसल्यामुळे त्यांतली निम्मी नर. आता पंचवीस-तीस शेळ्यांमागे पैदाशीचा एक बोकड पुरतो. त्या एका जागेसाठी उमेदवार किती, याचा हिशेब वाचकांनी करावा; सरकारी नोकरीची जाहिरात पाहिलेल्या माणसाला तो अवघड जाऊ नये. एकाची नेमणूक होते. उरलेल्यांना या जगात दुसरं कामच नाही.

शेळीच्या गळ्याखाली कधीकधी दोन गोळे लोंबत असतात. दिसतात सडांसारखे, पण त्यांतून दुधाचा थेंब येत नाही. जुन्या संस्कृत पंडितांनी निरुपयोगी वस्तूला या गळ्यातल्या सडांचा दृष्टान्त दिला आणि आपण मराठीत 'अजागळ' हा शब्द करून तो माणसांवर उधळला. मला वाटतं, पंडितांनी जरा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवलं. दुधाच्या हिशेबात खरा निरुपयोगी कोण असेल तर तो शेळीचा मुलगा.

आमच्याकडे चार शेळ्या आहेत. त्यांना दोन वर्षांत वीसेक करडं होतात, पैकी दहा बोकड. बोकड नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज जगतो. म्हणजे कुणालाच विकायचं नाही असं ठरवलं, तर दहा वर्षांनी आमच्या दीड एकरात पन्नास बोकड उभे असतील. एका भूतदयावादी पाहुण्यांनी हा उपाय सुचवला होता. माजावर आलेला बोकड स्वतःच्या दाढीला जे अत्तर लावतो, ते कुठून आणतो हे सभ्य पुस्तकात लिहिता येत नाही. पण अशा पन्नास दाढ्या वाऱ्याच्या बाजूला उभ्या आहेत एवढी कल्पना केली तरी पुरे. पाहुण्यांना मी त्यांतला एकच बोकड त्यांच्या पुण्याच्या फ्लॅटच्या गच्चीवर ठेवण्याची विनंती केली. त्यांच्या सोसायटीचे नियम फार कडक आहेत असं त्यांच्याकडून कळलं.

आमच्या मावशी माळकरी. त्या आल्या की मला हा प्रश्न विशेष सुचतो, कारण त्यांचा चहा शेळीच्या दुधाचा असतो. गाईचं त्यांना पचत नाही. परवा बशी तोंडाला लावता लावता त्यांनी गोठ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढऱ्या कानाचा तो दिसत नाही रे?"

"गेला बाजारात."

"अरेरे! कसं रे धजावतं तुम्हाला? आम्ही आपलं दुधापुरतं बघतो बाई. बाकी त्या पापात आम्ही नाही."

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही जे पिताय ते त्याच्याच वाटणीचं."

"तुला लहानपणापासून फार फाटे फोडायची सवय," असं म्हणून मावशींनी बशी रिकामी केली. पण उठताना त्या जरा गप्प होत्या, आणि संध्याकाळच्या चहाला म्हणाल्या, "आज कोराच कर." दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नेहमीसारखा. मावशींची थट्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. एक संध्याकाळभर का होईना, त्यांनी प्रश्न उचलून धरला. आमच्या प्राध्यापकांनी तेवढंही केलं नाही.

मी स्वतः मटण खातो. रविवारी सकाळी पिशवी घेऊन रांगेत उभा राहतो, पुढच्या पायाचं द्या, चरबी कमी घाला, अशा सूचनाही करतो. 'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' या म्हणीतला खाणारा मी अनेकदा झालेलो आहे. पण त्या दुकानात टांगलेला बोकड अनोळखी असतो. अनोळखी बोकड ही एक मोठी सोय आहे. तो कुणाचा मुलगा नसतो, त्याला पावसाचा कंटाळा नसतो, त्यानं कधी कुणाच्या सदऱ्याचं बटण चघळलेलं नसतं. तो थेट दोन किलोच्या स्वरूपातच जन्माला आलेला असतो. घरचा बोकड मात्र मी खाऊ शकत नाही. आमच्या घरी त्याचं ताट वाढलं तर ते जसंच्या तसं परत जाईल. आता यात नीती कुठली? दोघांचा जीव सारखाच, सुरीही तीच. फरक एवढाच, की एकाची आणि माझी ओळख आहे. म्हणजे ओळखीपाळखीनं काम होतं हे आपण इतर बाबतींत मान्य करतो तसं पापाच्या बाबतीतही आहे की काय, अशी मला शंका येते.

बरं, ओळख टाळावी म्हटलं तर शेळी पाळण्याचा सगळा व्यवहारच ओळख वाढवणारा. गोठ्यापासून सुरुवात करा. शेळीला पाणी प्यायला चालतं, अंगावर पडलेलं चालत नाही. पावसाचा पहिला थेंब पडला की म्हैस आनंदानं तशीच उभी राहते, शेळी मात्र घरात घुसते – शेजाऱ्याच्या घुसली तरी चालेल. तिला ओल सोसत नाही. खूर सडतात, छाती भरते. म्हणून गोठा उंचवट्यावर, लांबी पूर्व-पश्चिम, आणि जमेल तर जमिनीपासून वर लाकडी पट्ट्यांचा माचा, फटी अशा की लेंड्या खाली पडाव्यात पण करडाचा पाय अडकू नये. मोठ्या शेळीला आत दहा-बारा चौरस फूट जागा, बाहेर मोकळी त्याच्या दुप्पट. पैदाशीच्या बोकडाला वीस. ही मापं मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कागद घेऊन बसलो. गिरगावातल्या चाळीत बारा बाय दहाच्या खोलीत आम्ही नऊ माणसं होतो. माणशी तेरा चौरस फूट पडतात. शास्त्रीयदृष्ट्या आम्ही शेळीपेक्षा जरा सुखवस्तू होतो, हे कळून फार बरं वाटलं. बाहेरच्या मोकळ्या जागेचं माप मात्र मी काढलं नाही.

शेळी वाटेल ते खाते ही तिची बदनामी आहे. ती वाटेल ते हुंगते आणि चाखते, हे खरं. पण स्वतःच्या पायाखाली आलेला पाला ती तोंडात घेणार नाही. तिचं सोवळं आमच्या आजीच्या तोडीचं. त्यामुळे गव्हाण छातीच्या उंचीवर लागते आणि शेवरीच्या, हादग्याच्या फांद्या वर टांगाव्या लागतात. सुबाभूळ तिला जीव की प्राण, पण तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त झाला तर अंगावरचे केस गळतात. मग पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची लस, जंताचं औषध. करडू जन्मलं की तासाभरात त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, नाहीतर पुढं जगण्याची खात्री नाही. मग रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात, गुडघ्यावर बसून, त्या लटपटत्या जिवाचं तोंड सडाला लावायचं. सड तोंडात गेलं की त्याची शेपटी एकदम हलायला लागते. बटण दाबल्यासारखी.

हे सगळं पाटीसाठी करतो तसंच बोकडासाठीही करतो. किंबहुना बोकडासाठी जास्तच. त्याला पेंडीचा खुराक वेगळा असतो, आणि दर महिन्याला ताणकाट्याला लावून त्याचं वजन घेतलं जातं. त्यानं किलो-दीड किलो धरला की मला आनंद होतो. आता हा आनंद कुठला? मुलानं धडधाकट व्हावं म्हणून आईला होतो तो, की मुदत ठेवीवर व्याज चढलं म्हणजे होतो तो? मी पुष्कळदा काट्यासमोर उभा राहून स्वतःला विचारलं आहे. प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन्ही एकाच वेळी होतात आणि एकमेकांना अजिबात त्रास देत नाहीत. मला त्रास होतो तो नेमका याचाच.

प्राध्यापकांचं म्हणणं असं, की आठ महिने उत्तम राहणं, उत्तम खाणं आणि मग क्षणात शेवट, हे मुळीच न जन्मण्यापेक्षा बरं नाही का? मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला आठ महिने रोज श्रीखंड-पुरी देतो. नवव्या महिन्याचं मग बघू." ते म्हणाले, "मला पुढचं कळतं. बोकडाला कळत नाही. त्यामुळं त्याला दुःख नाही." हे खरं आहे. बोकड शेवटच्या सकाळीही पेंड मागतो. पण त्याला कळत नाही म्हणून ती गोष्ट नाहीशी होत नाही. तिचा त्याच्या वाटणीचा भागही माझ्याकडे येतो. दोघांनी मिळून उचलायचं ओझं एकानंच उचलायचं, एवढाच त्याच्या अज्ञानाचा अर्थ.

या विषयात मोठ्या माणसांची साक्ष काढायची तर गांधीजींना वगळून चालायचं नाही. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर १९१२ साली त्यांनी दूध सोडलं. दुभत्या गाईम्हशींचे कलकत्त्याकडचे गवळी काय हाल करतात हे वाचून तो निश्चय आणखी पक्का झाला होता. पुढं १९१८ साली ते फार आजारी पडले, अंगात काही उरलं नाही, आणि डॉक्टर दलालांनी सांगितलं की दुधाशिवाय प्रकृती सुधारायची नाही. तेव्हा जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी तोड काढली, की शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? व्रत घेताना यांच्या डोळ्यांपुढं गाय-म्हैसच होती. शेळी त्या यादीत नव्हती. गांधीजींनी ते घेतलं. पण त्यांचं मोठेपण असं, की आपण कसे बिनतोड वागलो हे सांगायच्या ऐवजी त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं, की व्रताची अक्षरं पाळली, आत्मा गेला, आणि ते सलत राहिलं. हे वाचल्यावर शेळीच्या दुधाचा चहा पिणाऱ्यानं निदान बेफिकीर तरी राहू नये.

याउलट आपल्या शाळेतली गोष्ट बघा. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चाललाय, तीन ठग त्याला एकेक करून गाठतात, कुणी म्हणतं कुत्रा, कुणी आणखी काही; शेवटी तो घाबरून बोकड टाकून पळतो आणि ठग त्याची मेजवानी करतात. वर्गात गुरुजींनी विचारलं होतं, "यावरून काय बोध घ्यावा?" आम्ही सगळे ओरडलो, "लोकांचं ऐकू नये!" तो ब्राह्मण बोकड घेऊन कुठं चालला होता, हे कुणीच विचारलं नाही. पंचतंत्रात स्पष्ट लिहिलं आहे – यज्ञाला. म्हणजे खांद्यावरून उतरला काय आणि न उतरला काय, बोकडाचा त्या दिवशीचा कार्यक्रम ठरलेलाच होता. हजारो वर्षं ती गोष्ट सांगितली जात आहे आणि एवढ्या पिढ्यांना कीव आली ती ब्राह्मणाची.

खेड्यात देवाच्या नावानं सोडलेला बोकड असतो, त्याचा थाट काही वेगळाच. तो कुणाच्याही शेतात शिरतो, भाजीच्या पाटीत तोंड घालतो. कुणी त्याला दगड मारत नाही, फार तर "हाड्" म्हणतात तेही जरा अदबीनं. जत्रेपर्यंत असा मान. आमच्या गावचा एक म्हातारा धनगर मला म्हणाला होता, "त्याला मान कशापायी? समद्यांस्नी ठावं असतं, ह्यो जानार. जो जानार म्हनून ठावं असतो त्याला मारू न्हाई." मला हे वाक्य प्राध्यापकांच्या सगळ्या युक्तिवादापेक्षा वजनदार वाटतं, पण प्राध्यापक म्हणाले, याला अंधश्रद्धा म्हणतात.

आता नावाचा मुद्दा. शेळ्या पाळणाऱ्या अनुभवी लोकांचा एक पक्का सल्ला असतो: विकायच्या जनावराला नाव ठेवू नये. आमच्या घरी हा कायदा सौभाग्यवतींनी लागू केला होता. पाटींना नावं – चंद्री, कावेरी, बिजली. बोकडांना खुणा – तो पांढऱ्या कानाचा, तो तुटक्या शिंगाचा, तो लहाना. मी या कायद्याला हरकत घेतली.

"नाव ठेवलं की जीव लागतो," ती म्हणाली.

"लागू दे की."

"आणि मग विकायचं?"

"जीव न लावता विकणं जास्त बरं का?"

"तुम्हाला बोलायला काय जातं? उंटावरून शेळ्या हाकायच्या. बाजारात गडी नेतो, पैसे तो आणतो. नावं ठेवायचीत ना, मग नेऊनही तुम्हीच घाला."

बायकोच्या बोलण्यात कधीकधी अख्खं नीतिशास्त्र असतं. मी अट मान्य केली. माझं म्हणणं साधं आहे. करडाच्या तोंडचं दूध काढून घेणारा मी, त्याचं वजन करणारा मी, त्याचे पैसे मोजून घेणारा मी. मग त्याला बिननावी ठेवण्यात फायदा कुणाचा? त्याचा तर नाहीच. नाव न ठेवणं ही रविवारच्या दुकानातली सोयच मी घरी आणल्यासारखं आहे. ओळख असल्यामुळं पाप लागत नसावं. ते आधीपासून तिथं असतं, ओळखीनं फक्त दिसतं. चष्मा लावला म्हणून कुणी धूळ तयार होत नाही. यावर प्राध्यापक म्हणाले, की मग मटण सोडा. हा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रविवार महिन्यातून दोनच पाळायचे, इथपर्यंत मी आलो आहे; तेही तत्त्वानं किती आणि भावानं किती, हे सांगणं कठीण.

तर त्या खेपेला कावेरीला दोन बोकड झाले. एकाचं नाव मी धोंडू ठेवलं आणि दुसऱ्याचं दगडू. अस्सल मराठी नावं, उच्चाराला सोपी. मावशी तेव्हा इथंच होत्या. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा हात तांदूळ निवडता निवडता थांबला.

"अरे, ही नावं कुणाला ठेवतात ठाऊक आहे ना? ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती ठेवते. यमाला वाटावं, दगडधोंडा आहे, याला काय न्यायचं."

मला ते ठाऊक होतं. ठेवताना डोक्यात नव्हतं, एवढंच. मी म्हटलं, बदलतो. मावशी म्हणाल्या, "आता नको. ठेवलं ते ठेवलं."

दगडू अंगापेरानं चांगला निघाला, त्याला शेजारच्या गावच्या एकानं पैदाशीसाठी मागून नेलं. तीस जणांत एक जागा असते ती त्याला मिळाली. धोंडू घरी राहिला. त्याला माझी हाक ठाऊक होती. बांधाच्या पलीकडून "धोंडू" म्हटलं की तो तोंडातला पाला न सोडता वळून बघायचा.

व्यापारी दर खेपेला येतो तोच आला. बारीक, पोक्त माणूस, कमी बोलतो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा करतात तसा घरी करायची गरज नसते, इथं काट्यावर काम. धोंडू एकवीस किलो भरला. पैसे देताना मी त्याला विचारलं, की तुम्हाला कधी काही वाटतं का? प्रश्न वेडगळ होता, पण तो हसला नाही. म्हणाला, "वाटतंय की. म्हनून आदी पानी पाजतो. एकाम्होरं दुसरं कापत न्हाई. गाभण असली तर हात लावत न्हाई. आनि काय करनार? तुमी दूद काडता, मी बोकड नेतो. शेळी येकच हाय, सायेब."

मग दोर हातात घेऊन त्यानं विचारलं, "ह्येला नाव ठिवलंय?"

"हो. धोंडू."

"मग आता हाळी देऊ नका. नाव असलेलं जनावर थांबतंय."

मी हाक मारली नाही. फाटकापाशी उभा राहिलो, तेवढं अटीत होतं. धोंडू गुमान गेला. वळणावरच्या बाभळीपाशी मात्र तो आपण होऊनच थांबला, मागच्या दोन पायांवर उभा राहिला, पुढचे खोडाला टेकले आणि मान लांब करून शेंगा ओढू लागला. व्यापाऱ्यानं दोर ढिला सोडला. खिशातून चंची काढली आणि तंबाखू मळत तिथंच सावलीत उभा राहिला.